लोड जोडला की झेनरचं व्होल्टेज का पडतं?

सर्किट अगदी साधं असतं. बारा व्होल्टचा सप्लाय, एक सिरीज रेझिस्टर आणि त्याच्या पुढे उलटा जोडलेला ५.१ व्होल्टचा झेनर, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला उलट्या दिशेने वाहू लागणारा डायोड. मीटर लावला की ५.०८ किंवा ५.१२ असं काहीतरी दिसतं आणि वहीत ‘रेग्युलेटर चालतो’ अशी नोंद होते. मग झेनरला समांतर २७० ओहमचा लोड, म्हणजे करंट ओढणारा रेझिस्टर, जोडला जातो आणि मीटर थेट २.५५ वर येतो. लोड काढला की पुन्हा ५.१. झेनर बदलला तरी तेच. तिसरा घातला तरी तेच.

प्रयोगशाळेत शिकवताना ही तक्रार माझ्यापुढे दर वर्षी येते आणि दर वेळी संशय झेनरवरच घेतला जातो. शिकत असताना मीही एक अख्खी दुपार झेनर बदलण्यात घालवली होती. सगळे झेनर चांगले होते. चुकीचा होता तो शेजारचा रेझिस्टर, आणि त्याच्याकडे मी एकदाही मीटर नेला नव्हता.

झेनर व्होल्टेज तयार करत नाही. त्याच्यातून पुरेसा उलटा करंट वाहत असेल तोवरच तो व्होल्टेज धरून ठेवतो. हा करंट त्याच्यापर्यंत पोचतोय की नाही, ते सिरीज रेझिस्टर सांगतो. म्हणून पहिलं माप तिथे घ्यायचं.

रेझिस्टरवरचा ड्रॉप

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि दोन्ही प्रोब सिरीज रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. एकदा लोडशिवाय, एकदा लोडसह. करंट मोजायला तार तोडायची गरज नाही. ड्रॉपला, म्हणजे रेझिस्टरवर पडणाऱ्या व्होल्टेजला, रेझिस्टरच्या किमतीने भागलं की सप्लायमधून येणारा एकूण करंट मिळतो.

वरच्या सर्किटमध्ये रेझिस्टर एक किलोओहमचा आहे असं धरा. बहुतेक वेळा तोच सापडतो, कारण आदल्या प्रयोगात डायोडच्या फॉरवर्ड आलेखासाठी तो ब्रेडबोर्डवर बसवलेला असतो आणि तसाच राहून जातो. लोड नसताना त्याच्यावर १२ वजा ५.१, म्हणजे ६.९ व्होल्ट पडतात. एक किलोओहममधून ६.९ मिलिअँप. हा सगळा करंट झेनरमधून जातो, झेनर खूश, मीटरवर ५.१.

आता २७० ओहमचा लोड आला. ५.१ व्होल्टवर त्याला जवळपास १९ मिलिअँप हवेत. पण ५.१ व्होल्ट टिकवून एक किलोओहममधून ६.९ पेक्षा जास्त येऊच शकत नाहीत. मागणी १९ ची, पुरवठा ७ चा. मग आउटपुट खाली घसरतं, झेनरच्या ब्रेकडाउनच्या, म्हणजे तो उलटा वाहू लागतो त्या व्होल्टेजच्या, खाली जातं आणि झेनर वाहायचं थांबतो. उरतात फक्त दोन रेझिस्टर, एक किलोओहम आणि २७० ओहम. त्यांचा साधा व्होल्टेज विभाजक होतो: १२ गुणिले २७० भागिले १२७० म्हणजे २.५५. मीटरवर दिसणारा आकडा हाच.

याची खात्री करायची एक फार सोपी चाचणी आहे आणि ती मी प्रत्येकाला करायला लावते. लोड जोडलेला ठेवून झेनर ब्रेडबोर्डवरून उपटून काढा. आउटपुट जागचं हललं नाही, तर झेनर तिथे असून नसल्यासारखाच होता. मग झेनर बदलून काय होणार?

तीच गोष्ट लोड टप्प्याटप्प्याने वाढवत, म्हणजे त्याचे ओहम कमी करत, पाहिली तर जास्त नीट समजते. १० किलोओहम, ४.७, २.२, १ किलोओहम असे लोड लावत गेलात तर आउटपुट ५.१ च्या आसपास राहील, शेवटी शेवटी थोडं खाली सरकेल. ६८० ओहमला ते ४.८६ होईल, ४७० ला ३.८४, २७० ला २.५५. आलेख काढला तर आधी आडवी रेघ आणि मग उतार. रेघ जिथे वळते तिथे झेनरने हात सोडलेला असतो. या सर्किटमध्ये ती जागा साधारण ७४० ओहमला येते, कारण ५.१ व्होल्टला ६.९ मिलिअँप ओढणारा लोड तेवढाच असतो. लोड रेग्युलेशनच्या, म्हणजे लोड बदलल्यावर व्होल्टेज किती हलतं त्याच्या, प्रयोगात बरेच जण आडव्या भागातलेच चार आकडे घेतात आणि आलेख सुंदर आला म्हणून समाधानी होतात. खरं शिकण्यासारखं जे आहे ते वळणाच्या पलीकडे आहे.

मग रेझिस्टर किती ओहमचा?

इथे दोन टोकांचा विचार करावा लागतो, आणि एकाचाच केला तर तक्रार दुसऱ्या रूपात परत येते.

पहिलं टोक: सप्लाय सगळ्यात कमी आणि लोड सगळ्यात जास्त. अशा वेळीही झेनरला थोडा करंट उरायला हवा. अर्ध्या वॅटच्या ५.१ व्होल्ट झेनरसाठी पाच मिलिअँप धरणं योग्य, कारण बऱ्याच डेटाशीटमध्ये या आकाराच्या झेनरचं व्होल्टेज पाच मिलिअँपलाच मोजलेलं असतं. अनरेग्युलेटेड, म्हणजे स्थिर न ठेवलेला, सप्लाय १०.५ ते १४ व्होल्टमध्ये हलतो असं धरू. १०.५ वजा ५.१ म्हणजे ५.४ व्होल्ट रेझिस्टरवर. करंट १९ अधिक ५, म्हणजे २४ मिलिअँप. भागाकार २२५ ओहम. बाजारात मिळणारी जवळची खालची किंमत २२० ओहम. त्याच्या रंगपट्ट्या लाल, लाल, तपकिरी.

दुसरं टोक: सप्लाय सगळ्यात जास्त आणि लोड अजिबात नाही. आता १४ वजा ५.१ म्हणजे ८.९ व्होल्ट रेझिस्टरवर, करंट सुमारे ४० मिलिअँप, आणि हा सगळा झेनरच्या अंगावर. झेनरमध्ये ०.२१ वॅट. अर्ध्या वॅटच्या झेनरला हे पेलतं. रेझिस्टरमध्ये मात्र ०.३६ वॅट. नेहमीचा पाव वॅटचा रेझिस्टर घातलात तर तो तापेल, त्याचा रंग बदलेल आणि काही दिवसांत किंमतही सरकेल. एक वॅटचा घाला. आउटपुट चुकून शॉर्ट झालं तर १४ व्होल्ट पूर्ण त्याच्यावर येतात आणि सुमारे ०.९ वॅट होतात, तेही तो सोसतो.

झेनर रेग्युलेटरची हीच गंमत विद्यार्थ्यांना उलटी वाटते: झेनरला सगळ्यात जास्त त्रास लोड नसताना होतो. लोड जोडला की त्याचं ओझं कमी होतं. ‘लोड काढून ठेवला होता, तरी झेनर जळला’ असं कुणी म्हणालं की मी आधी रेझिस्टरचे रंग वाचते. तिथे २२० ऐवजी २२ ओहम, म्हणजे लाल-लाल-काळा निघाला, तर १२ व्होल्टला तीनशेहून जास्त मिलिअँप झेनरमधून गेलेले असतात. त्याचे दीड वॅट होतात, आणि अर्ध्या वॅटचा झेनर त्यापुढे टिकत नाही.

२२० ओहम बसवल्यावर पुन्हा तोच ड्रॉप मोजा. १२ व्होल्ट इनपुटला लोडशिवाय ६.९ व्होल्ट, लोडसहही जवळपास ६.९. एकूण करंट ३१ मिलिअँप, दोन्ही वेळा तोच. फक्त वाटणी बदलली: १९ लोडकडे गेले, १२ झेनरकडे राहिले. निरोगी झेनर रेग्युलेटरची ही माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण आहे. लोड जोडल्यावर सिरीज रेझिस्टरवरचा ड्रॉप ठळकपणे वाढला, तर झेनरच्या वाट्याला काही उरलेलं नाही.

पडत नाही, पण ५.१ ही येत नाही

काहींचं सर्किट नीट चालतं, पण मीटर ४.८ किंवा ४.९ दाखवतो आणि झेनर ‘नकली’ ठरतो. त्याआधी दोन गोष्टी पाहा.

एक म्हणजे टॉलरन्स. १एन४७३३ए हा एक वॅटचा ५.१ व्होल्ट झेनर पाच टक्क्यांचा असतो, म्हणजे ४.८५ ते ५.३६ पर्यंत काहीही आलं तरी तो नियमात बसतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: हे व्होल्टेज किती करंटला मोजलंय? १एन४७३३ए साठी तो करंट ४९ मिलिअँप आहे. तुम्ही त्यातून तीन मिलिअँप सोडून ५.१ ची अपेक्षा करत असाल तर चूक झेनरची नाही. त्याचा अंतर्गत रोध ४९ मिलिअँपला सात ओहम असतो, पण एक मिलिअँपला तो काही शे ओहमवर जातो. म्हणूनच एक वॅटचा झेनर ‘जास्त दणकट’ म्हणून छोट्या करंटच्या सर्किटमध्ये घालण्यात फायदा नाही. तिथे अर्ध्या वॅटचाच बरा.

कमी व्होल्टेजच्या झेनरमध्ये हा मऊपणा अजून वाढतो. ३.३ व्होल्टचा झेनर घेऊन कुणी ‘तीनच व्होल्ट येतात’ किंवा ‘लोडप्रमाणे बदलत राहतात’ म्हणालं, तर मला नवल वाटत नाही. त्याच्या आलेखाचा गुडघा, म्हणजे वळणाची जागा, गोल असतो, १२ व्होल्टच्या झेनरसारखा तीक्ष्ण नसतो. कारण दोन्हींच्या आत घडणारी क्रियाच वेगळी आहे. पाच व्होल्टच्या खाली बहुतांश झेनर परिणाम असतो: जोडाच्या पातळ थरातलं विद्युतक्षेत्र इतकं तीव्र होतं की इलेक्ट्रॉन अडथळ्यातून आरपार जातात. क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ मध्ये विद्युतरोधकांच्या ब्रेकडाउनबद्दल हे मांडलं होतं. सहा-सात व्होल्टच्या वर मात्र अ‍ॅव्हलांश, म्हणजे धडक देऊन नवे इलेक्ट्रॉन सोडवत जाणारी साखळी. आपण दोघांनाही झेनरच म्हणतो.

याचा व्यवहारात उपयोग होतो. झेनर परिणामाचं व्होल्टेज तापमान वाढलं की घटतं, अ‍ॅव्हलांशचं वाढतं. पाच ते सहा व्होल्टच्या पट्ट्यात दोन्ही एकमेकांना बऱ्यापैकी खाऊन टाकतात, म्हणून ५.१ आणि ५.६ चे झेनर तापले तरी फारसे सरकत नाहीत. १२ व्होल्टचा झेनर गरम होताना मीटरवरचा आकडा हळूहळू वर चढताना दिसला तर घाबरू नका, फक्त तो इतका का तापतोय ते पाहा.

मीटरवरचा आकडा ओळखीचा असतो

प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी सर्किट दाखव असं नंतर म्हणते, आधी आकडा विचारते.

०.७ च्या आसपास आला, तर झेनर सुलटा बसलाय. काळी पट्टी कॅथोडची, आणि झेनरमध्ये ती पॉझिटिव्हच्या बाजूला हवी. साध्या डायोडची सवय हाताला असते म्हणून ही चूक होते. उलटं करा, काम झालं, कारण २२० ओहममागे सुलटा झेनर सहसा जळत नाही.

लोड नसताना पूर्ण १२ आले, तर झेनर करंट घेतच नाही. तो उघडा झालाय, ब्रेडबोर्डच्या भोकात टेकलेला नाही, किंवा तो झेनर नाहीच. शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा फार जास्त वेळा सापडतं. अर्ध्या वॅटचा झेनर आणि १एन४१४८ हा सिग्नल डायोड दोन्ही एकाच काचेच्या कवचात येतात, तोच नारिंगी रंग, तीच काळी पट्टी. एका खणात दोन्ही मिसळले की डोळ्यांनी वेगळे करता येत नाहीत. १एन४१४८ उलटा जोडला तर तो १२ व्होल्टला ब्रेकडाउन होणार नाही, त्याची मर्यादा त्याहून बरीच वर आहे. भिंग घेऊन काचेवरची अक्षरं वाचा. ५व्ही१ किंवा सी५व्ही१ असं काही दिसलं तर झेनर, ४१४८ दिसलं तर सिग्नल डायोड.

मल्टिमीटरच्या डायोड चाचणीने हा फरक कळत नाही. ती चाचणी साधारण एक मिलिअँप सोडून सुलटा ड्रॉप दाखवते आणि उलट्या बाजूने तिच्याकडे दोन-तीन व्होल्टच असतात. ५.१ चा झेनर तिला साध्या डायोडसारखाच दिसतो: एका बाजूने ०.६ ते ०.७, दुसऱ्या बाजूने ओएल (मीटरच्या रेंजबाहेर). झेनर खरंच कितीचा आहे हे पाहायचं तर बारा-पंधरा व्होल्ट, एक किलोओहम आणि मीटर एवढंच पुरे, लोड लावू नका.

शून्य आला, तर झेनर शॉर्ट झालाय, किंवा इनपुटच पोचलेलं नाही. लांब ब्रेडबोर्डवर कडेच्या पॉवरच्या रेषा अनेकदा मधोमध तुटलेल्या असतात. रंगीत पट्टीतली छोटी फट तेवढी खूण. अर्ध्या बोर्डला सप्लाय आहे, अर्ध्याला नाही, आणि माणूस तासभर झेनर तपासत बसतो.

मीटर ५ दाखवतो, तरी सर्किट अडखळतं

ही तक्रार सगळ्यात चकवणारी. डीसीवर मीटर ४.९ किंवा ५ दाखवतो, एलईडी पेटतो, पण पुढचं डिजिटल सर्किट मध्येच रीसेट होतं, किंवा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घरघर ऐकू येते.

डीसीवर मीटर सरासरी दाखवतो. सेकंदाला शंभर वेळा व्होल्टेज खाली बुडी मारून वर येत असेल, तर ते त्याला दिसत नाही. ती बुडी झेनरच्या आधीपासून येते. हिशोब करू. नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, आणि फिल्टरला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. शिखर ९ गुणिले १.४१४ म्हणजे १२.७, त्यातून दोन डायोडचे १.४ गेले, उरले ११.३. दोन शिखरांमधल्या दहा मिलिसेकंदांत कपॅसिटर एकटाच सगळ्यांना पोसतो. ३० मिलिअँपला तो तेवढ्यात सुमारे तीन व्होल्ट खाली येतो. म्हणजे तळाला ८.३. तिथे २२० ओहममधून जेमतेम १४ मिलिअँप येऊ शकतात आणि लोडला १९ हवेत. प्रत्येक तळाला झेनर हात सोडतो आणि आउटपुट साडेचार व्होल्टच्या जवळ जातं. सरासरी मात्र पाचच्या आसपास दिसते.

ऑसिलोस्कोप असेल तर एका नजरेत कळतं. नसेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून फिल्टर कपॅसिटरवर पाहा, शक्यतो अशा मीटरने जो एसी रेंजमध्ये डीसी रोखतो. तीन व्होल्टच्या अशा करवती रिपलला, म्हणजे या चढउताराला, तो साधारण एक व्होल्टच्या जवळ दाखवेल. कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा केला की रिपल दहापट कमी होतं.

रिपल अपेक्षेपेक्षा दुप्पट निघालं, तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा झालेला असतो. ब्रिज मग अर्ध्याच लहरी भरतो, कपॅसिटरला दहाऐवजी वीस मिलिसेकंद काढावे लागतात. लोड नसताना हा दोष अजिबात कळत नाही, कारण कपॅसिटर तरीही शिखरापर्यंत भरतो. लोडसह तपासा, नाहीतर फसाल.

आणि ब्रिजमधला डायोड पुन्हा पुन्हा जळत असेल, तोही तोच एक डायोड, तर डायोडला दोष देण्याआधी ऑसिलोस्कोपच्या क्लिपा बघा. दोन चॅनेलच्या दोन ग्राउंड क्लिपा आतून एकच असतात. एक क्लिप सेकंडरीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुट गुंडाळीच्या, टोकाला आणि दुसरी आउटपुटच्या निगेटिव्हला लावली, म्हणजे इनपुट-आउटपुट एकत्र पाहायची हौस भागवली, की त्या टोकाचा खालचा डायोड शॉर्ट झाला. मग एका अर्ध्या लहरीत पूर्ण सेकंडरी, मध्ये काहीही अडवणारं नसताना, दुसऱ्या टोकाच्या खालच्या डायोडवर कोसळते. जळतो तो हाच, म्हणून नेहमी तोच जळतो. क्लिप लावलेल्या ठिकाणचा डायोड चांगला असतो आणि त्यामुळे कुणाला कारण सापडत नाही. ब्रिजचं इनपुट आणि आउटपुट वेगवेगळं पाहायचं, एका वेळी एकच क्लिप. दोन्ही एकत्र हवेच असतील तर डिफरन्शियल प्रोब लागतो.

मीटरच जेव्हा सर्किट बिघडवतो

लोड रेग्युलेशन मोजताना लोडच्या वाटेत मिलिअँमीटर असतो. २० मिलिअँपच्या रेंजवर साध्या डिजिटल मीटरचा आतला शंट दहा ओहमच्या आसपास असतो, म्हणजे १९ मिलिअँपला त्याच्यावर जवळपास ०.२ व्होल्ट पडतात. व्होल्टमीटर जर मिलिअँमीटरच्या पलीकडे, थेट लोडवर लावला, तर हे ०.२ व्होल्ट रेग्युलेटरच्या खात्यात जमा होतात आणि रेग्युलेशन चार टक्के वाईट दिसतं. व्होल्टमीटर झेनरच्या पायांवरच लावा. किंवा मिलिअँमीटर काढूनच टाका, लोडची किंमत माहीत आहे, करंट भागाकाराने मिळतो. मी दुसरा मार्गच सुचवते.

डायोडचा आलेख काढतानाही हेच, फक्त उलट्या बाजूला नियम पालटतो. सुलट्या बाजूला व्होल्टमीटर थेट डायोडवर हवा, नाहीतर मिलिअँमीटरचा ड्रॉप त्यात मिसळून कट-इन, म्हणजे डायोड वाहू लागतो ते व्होल्टेज, ०.८ किंवा ०.९ येतं. उलट्या बाजूला सिलिकॉन डायोडची गळती नॅनोअँपमध्ये असते. दहा मेगाओहमचा व्होल्टमीटर दहा व्होल्टला एक मायक्रोअँप खातो. तो डायोडला समांतर लावून बाहेरून मायक्रोअँमीटर वाचलात, तर तुम्ही व्होल्टमीटरचाच करंट मोजला. वहीत ‘रिव्हर्स करंट १ मायक्रोअँप’ असं लिहिलेलं मी अनेकदा पाहिलंय, आणि आलेख अगदी सरळ रेघ असतो. डायोडची गळती इतकी सरळ वाढत नाही, रेझिस्टरची वाढते. व्होल्टमीटर मायक्रोअँमीटरच्या आधी, सप्लायच्या बाजूला लावा.

०.७ या आकड्याबद्दलही एक सांगायचं आहे. तो गणित सोपं करायला धरलेला आकडा आहे, डायोडवर छापलेला नाही. करंट दहापट झाला की सिलिकॉन डायोडचा ड्रॉप साधारण ६० ते १०० मिलिव्होल्टने वाढतो, आणि तोच करंट ठेवून तापमान एक अंश वाढलं की दोन मिलिव्होल्टने घटतो. १एन४००७ मीटरच्या चाचणीत ०.५५ ते ०.६ दाखवेल, एक अँपियरला त्याच्यासाठी १.१ व्होल्टपर्यंतची मुभा आहे. त्यामुळे ‘मीटरवर ०.५८ येतंय, डायोड खराब आहे का?’ याचं उत्तर नाही असं आहे. बोटांत धरून पाहा, आकडा खाली सरकताना दिसेल.

लोड मोठा असेल तर

५० मिलिअँपच्या पुढे झेनर आणि रेझिस्टरच्या जोडीचा हट्ट धरू नये. लोड नसताना तो सगळा करंट झेनर जाळत बसतो. ५.६ चा झेनर ट्रान्झिस्टरच्या बेसला आणि लोड एमिटरला, एवढ्याने झेनरवरचं ओझं ट्रान्झिस्टरच्या गेनइतक्या, म्हणजे तो करंट जितका वाढवतो तितक्या, पटीने कमी होतं. आउटपुट ५.६ वजा ०.६५, म्हणजे पाचच्या जवळ.

त्याही पुढे ७८०५, म्हणजे पाच व्होल्टचा तयार रेग्युलेटर आयसी. याची नेहमीची तक्रार अशी: चालू केल्यावर दहा मिनिटं छान, मग आउटपुट जातं, थोड्या वेळाने आपोआप येतं, पुन्हा जातं. ७८०५ खराब नसतो. १२ व्होल्ट इनपुट आणि ४०० मिलिअँप लोड म्हणजे सात गुणिले ०.४, २.८ वॅट उष्णता. हीटसिंक नसलेल्या कवचात दर वॅटला तापमान साठ अंशांच्या आसपास चढतं. आतलं संरक्षण त्याला बंद करतं, थंड झाला की पुन्हा सुरू करतं. हीटसिंक लावा किंवा इनपुट कमी करा.

इनपुट कमी करताना पुन्हा तोच तळ आडवा येतो. ७८०५ ला आउटपुटच्या वर साधारण दोन व्होल्ट लागतात, म्हणजे इनपुटचा तळ सातच्या खाली जाऊन चालत नाही. मीटरवर सरासरी आठ दिसत असेल आणि रिपल तीन व्होल्टचं असेल, तर तळ साडेसहाला आहे आणि आउटपुटमध्ये घरघर येणारच. इनपुट आणि आउटपुटच्या पायांमध्ये मीटर लावा. लोड जोडलेला ठेवून, दहा मिनिटं गरम होऊ देऊन, आधी डीसीवर आणि मग एसीवर मोजा.